'मुक्त' चित्रकाराचे पारतंत्र्य

नोकरीविना चित्रे काढून जगणाऱ्याला मराठीने 'मुक्त चित्रकार' असे नाव दिले आहे. मोक्षाची छटा असलेला हा शब्द मोठा फसवा आहे. पगार, रजा आणि निवृत्तिवेतन यांपासून ही व्यक्ती मुक्त असते हे खरे. पण तिच्यावरच्या जबाबदारीतून सर्वांत अधिक मुक्त झालेले असतो ते आपण, म्हणजे साहित्यव्यवहार करणारे लोक.

कामठीसारख्या गावातील एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा देताना तिला 'संकल्पचित्र' हा विषय आवडू लागलेला असतो. पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. पुस्तकांसाठी चित्रे आणि कापडासाठी नक्षी काढून जगावे, असे ती ठरवते. तिला पहिले काम बहुधा कुणा कवीच्या संग्रहाचे मिळते, आणि त्यासोबत एक वाक्य मिळते : "मानधनाचे काही जमणार नाही, पण नाव होईल."

या वाक्याचे समर्थन ठरलेले असते. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशेची, प्रकाशकाला परवडणार कसे? अडचण खरी आहे. पण कागदवाला, छापखाना आणि बांधणीवाला यांना कुणी 'नाव होईल' असे सांगत नाही. त्यांची बिले चुकती होतात. साहित्यसेवेचे पुण्य तेवढे चित्रकाराच्या वाट्याला ठेवलेले असते. ज्या गरिबीची झळ एकालाच लागते, तिला अडचण न म्हणता सोय म्हणावे.

दुसरा युक्तिवाद थोरांच्या नावाने केला जातो. दीनानाथ दलाल झाले, वसंत सरवटे झाले. गुण असले की वाट सापडते! ही उदाहरणे नेमके उलटे सिद्ध करतात. दलालांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि १९४५ पासून 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. मुखपृष्ठांच्या मानधनावर ते विसंबून राहिले नाहीत. सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि सिमेंट कंपनीत नोकरी करत होते. म्हणजे एकाने प्रकाशकाची खुर्ची स्वतःच घेतली, दुसऱ्याने उपजीविका दुसरीकडे शोधली. त्यांचे कर्तृत्व आपल्या व्यवस्थेच्या जमेस धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नक्षीची कथा याहून कठीण आहे. कामठी हे विणकरांचे गाव. विदर्भाच्या टसर साडीवरील करवती काठ सर्वांना ठाऊक आहे. तो प्रथम कुणी योजला हे कुणी सांगू शकत नाही. 'परंपरेला कर्ता नसतो' असे यावर म्हटले जाते. परंपरेपुरते ते मान्य करू. पण पिढ्यांच्या हातांतून घडलेल्या नक्षीचे अनामिकत्व निराळे, आणि गेल्या महिन्यात एका मुलीने रात्री जागून काढलेल्या नक्षीचे नाव पुसणे निराळे. पहिल्याला संस्कृती म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते वाचकाने ठरवावे.

कायदाही इथे बेसावध माणसाला वाचवत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा ठरतो. नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि ती औद्योगिक प्रक्रियेने पन्नासांहून अधिक वेळा वस्तूवर उतरली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. उलट, लेखी करार असेल आणि त्यात हक्क किती काळासाठी दिला हे लिहिलेले नसेल, तर तो पाचच वर्षांसाठी दिला असे कायदा मानतो. आणि हक्क विकल्यानंतरही कर्तेपण सांगण्याचा आणि कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार कलाकाराकडेच उरतो. अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली तो ठामपणे उचलून धरला. एवढे ज्ञान आणि दोन ओळींचे पत्र यांवर त्या मुलीचे पुढले आयुष्य अवलंबून असते. ते तिला शिकवतो कोण?

साहित्याच्या अध्यापकांनी हा प्रश्न कलाशिक्षकांकडे ढकलू नये. परीक्षणात लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत सारे दिले जाते. मुखपृष्ठकार क्वचितच असतो. प्रबंधांच्या संदर्भसूचीत तर तो नसतोच. कामठीत उर्दूचा वावर जुना आहे, आणि उर्दू पुस्तकांत कातिबाचे, म्हणजे नुसती अक्षरे लिहिणाऱ्याचे नाव छापण्याचा रिवाज होता. अक्षर काढणाऱ्याला जी प्रतिष्ठा शेजारच्या भाषेने दिली, ती अर्थ रेखाटणाऱ्याला द्यायला आपण अजून कचरतो. आता तर यंत्राकडून फुकट चित्र मिळते म्हणून चित्रकारच नको, असेही ऐकू येते. ज्यांनी चित्राला कधी वाचलेच नाही, त्यांना हा फरक कळणार तरी कसा?

सुरुवात घरापासून करता येईल. आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ यंदाही एखादी विद्यार्थिनीच काढणार आहे. तिला आधी लेखी पत्र द्यावे, आत नाव छापावे आणि रक्कम, लहान का असेना, वेळेवर द्यावी. तेवढे जमेपर्यंत 'मुक्त' हा शब्द तिच्यासाठी वापरू नये.