झोपाळ्याची कडी

दिवाळीत बडोद्याच्या घरी झोपाळ्यावर आम्ही चौघं बसलो तशी आजी ओरडली, "तुटेल रे!"

माझं बीई मेकॅनिकल, पोटापाण्याला कोडिंग. तरी हिशेब मांडला. पाटासकट 250 किलो, म्हणजे 2500 न्यूटन. 10 मिमी जाडीच्या 4 सळया. दर चौरस मिमीला जेमतेम 8 न्यूटन, हा स्ट्रेस. साधं पोलाद 250च्या आसपास कायमचं ताणतं. 2 मीटरची सळई लांबली 0.08 मिमी, केसाच्या जाडीइतकी. मूळ लांबीशी तिचं गुणोत्तर म्हणजे स्ट्रेन. उतरलो की सळई पूर्ववत.

"सळई नाही रे, कडी बघ."

घासून निम्मी झालेली! जाडी निम्मी, क्षेत्रफळ पाव, स्ट्रेस चौपट; वाकण्याचा वेगळाच. मुकाट उतरलो. पाडव्याला नव्या कड्या आणल्या.