काटकसर दांड्यांत करा, पट्ट्यांत नको!

गाडीच्या टपावरून एक फळी न्यायची आणि त्यासाठी पाचशे-सहाशे डॉलर मोजायचे, हे मला पटत नाही. आणि तीच फळी मिळेल त्या दोरीने बांधून "काही होत नाही हो" म्हणत महामार्गावर निघायचं, हे तर मुळीच पटत नाही. सिअ‍ॅटलला लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेले की या दोन्ही पंथांचे कट्टर अनुयायी आमच्याच गोतावळ्यात भेटतात. तेव्हा मंडळी, आज दोघांनाही चार शब्द सुनावणार आहे.

फळी म्हणजे पॅडल बोर्ड. तिच्यावर उभं राहून वल्हं मारत तळ्यात फिरायचं. लेक वॉशिंग्टन, लेक सॅमॅमिश अशी मोठी तळी जवळच असल्याने तिकडे ही हौस फार. फळी साधारण साडेदहा फूट लांब, वजन दहा-पंधरा किलो. टपाला हे ओझं म्हणजे काहीच नाही. पण फळी रुंद आणि चपटी. वारा खाली शिरला की ती उचलली जाते, आणि गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणजे प्रश्न वजन पेलण्याचा नाहीच, धरून ठेवण्याचा आहे.

आता आमचे जावईबापू म्हणतात, "आई, सुरक्षितता हवी तर नामांकित कंपनीचाच रॅक हवा." का बरं? आपल्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरच्या टपाला कडेने पन्हळ असायची. तिच्यावर कॅरिअर आवळलं की काम झालं. आताच्या गाड्यांना ती पन्हळ नाही. म्हणून गुळगुळीत टपाच्या गाडीला मॉडेलप्रमाणे वेगळे पाय आणि वेगळे जोड लागतात. तिथे खर्च होतो आणि तो करावा. पण टपावर लांबीच्या कडेने उंच रेलिंग आधीच असेल, तर त्याला आवळायच्या दोन साध्या आडव्या दांड्या बऱ्याच स्वस्तात मिळतात, वापरलेल्याही मिळतात. बघायचं एवढंच की त्या आपल्या गाडीला नीट बसतात का, आणि गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा किती दिली आहे. त्यात दांड्यांचं वजनही धरायचं. वर फोमची गादी घातली की पुरे. फळीसाठी कुलूपवाला खास पाळणा ही हौस आहे, गरज नव्हे.

घराजवळच्या तळ्यापर्यंत हळू जायचं असेल तर दांड्याही नकोत. टपावर फोमचे ठोकळे ठेवून पट्टे दारांतून आत घेऊन बांधता येतात. पाऊस आला तर पट्ट्यावरून पाणी आत ठिबकतं, एवढंच. आणि हवा भरायची फळी घेतली तर ती डिकीतच मावते!

दोरीवाल्यांना मात्र मी एकच गोष्ट सांगते. २००४ साली सिअ‍ॅटलजवळ रेंटनच्या महामार्गावर एका ट्रेलरमधून फर्निचरची एक फळी उडाली आणि मागच्या गाडीची काच फोडून आत घुसली. गाडी चालवणारी मुलगी चोवीस वर्षांची होती. तिची दृष्टी कायमची गेली. त्यानंतर, २००५ मध्ये, नीट न बांधलेल्या ओझ्याने कुणी जखमी झालं तर तो फौजदारी गुन्हा, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने केला. तुमची फळी सुटली तर तुम्हाला फक्त आवाज ऐकू येईल. भोगणारा मागचा असतो, आणि तुमच्या काटकसरीला त्याने संमती दिलेली नसते.

म्हणून पट्टे उत्तम घ्या. बकलमधून हाताने ओढून घट्ट करायचे. रॅचेटचे नकोत, त्यांनी गरजेपेक्षा जास्त आवळून फळीच चेपते. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही. महामार्गावर जायचं असेल तर फळीचं पुढचं आणि मागचं टोकही बांधा. आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ओढून बघा. या सगळ्याला डॉलर कितीसे लागतात?

शेवटचं. घरी आलात की दांड्या उतरवा. अमेरिकेत टपावरच्या रॅकपायी वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन पेट्रोल जादा जळतं, असा अंदाज लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या २०१६ च्या अभ्यासात मांडला होता. वर्षभर रिकामा रॅक मिरवणाऱ्याने "परवडत नाही" हा शब्द तोंडातून काढू नये.

परवडणं म्हणजे नुसतं कमी पैशांत भागवणं नव्हे. कुठे कमी केलं तर आपलंच जातं आणि कुठे कमी केलं तर दुसऱ्याचं जातं, एवढं ज्याला कळलं त्याला काटकसर कळली. असो. जावईबापू, राग नसावा!