वजनकाट्याला न दिसणारी साखर

मुलीची पाळी महिनोन्महिने लांबू लागली, हनुवटीवर केस दिसू लागले, की घरात प्रथम चिंता लागते ती लग्नाची आणि मग अपत्याची. रक्तातील साखरेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक पॉलिसिस्टिक ओव्हरी हा विकार केवळ अंडाशयांपुरता मर्यादित नाही. यातील पुष्कळ स्त्रियांचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन स्रवते, आणि हेच जादा इन्सुलिन अंडाशयांतील पुरुषी संप्रेरके वाढविते. उचल घेऊन तूट झाकावी, तसा हा व्यवहार काही वर्षे निभावतो. तोवर उपाशीपोटीची साखर सामान्यच दिसते.

म्हणून त्या एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी मोजलेली साखर अधिक खरे बोलते. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. २०० वा त्याहून अधिक म्हणजे मधुमेहच. विकाराचे निदान होताच, वय वा वजन न पाहता, ही तपासणी करावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

‘आमची मुलगी तर बारीक आहे’ हे समाधान फारसे कामाचे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात, ते उगाच नव्हे.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. माप मात्र परकराच्या नाडीच्या जागी घ्यायचे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घ्यावे. मानेवरची काळवंडलेली, जाडसर त्वचाही पाहावी. ती मळ समजून घासली जाते; बहुधा ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

स्थळ पाहताना हा विकार लपविण्याची रीत काही घरांत आहे. तिची किंमत पुढे गर्भारपणात मोजावी लागते, कारण या स्त्रियांना त्या काळातील मधुमेहाचा धोका अधिक असतो. दिवस राहण्यापूर्वीच ग्लुकोजची तपासणी व्हावी. राहून गेल्यास पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विकाराची कल्पना द्यावी, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी.