आय-सेव्हन ऐकून भुलू नका, आधी पिढी विचारा

या वेळच्या व्हिडिओत आपण ऑफिसातून निघालेला छोटा कॉम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि तो टीव्हीला जोडला. जोडणी तिथे बघा. इथे मी फक्त मशीन कोणतं घ्यायचं यावर बोलतो, कारण या धंद्यात पैसा खरेदीतच सुटतो आणि खरेदीतच बुडतो.

मी आधी बुडालो. तिसऱ्या पिढीचे सहा आय-सेव्हन टॉवर स्वस्तात मिळाले म्हणून उचलले. पहिला सेट इथेच बोदवडमध्ये एका घरी बसवला. आठ दिवसांनी फोन आला, "भाऊ, बाकी सगळं चालतंय, पण पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ अडकतोय. पाहुणे बसलेत घरात." जाऊन बघितलं. शूटिंगवाल्याने पेनड्राइव्हवर 4के फाइल दिली होती, एच.265 मध्ये, 10 बिटची. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेलेला, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतोय आणि पडद्यावर नवरी हार हातात धरून थांबलेली. पैसे परत दिले. उरलेले पाच टॉवर बिलिंगच्या कामाला निम्म्या भावात काढले.

चूक कुठे झाली? व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या वेगळ्या भागाने करायचं असतं. त्या भागाला तो फॉरमॅट येतच नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन 2012 चा. त्याला एच.265 माहीतच नाही. सहाव्या पिढीला 8 बिटचं जमतं, 10 बिटला ती अडते. सातव्या पिढीपासून दोन्ही नीट चालतात. म्हणजे 2017 चा साधा आय-थ्री 7100टी लग्नाचा व्हिडिओ आरामात दाखवतो आणि 2012 चा आय-सेव्हन घाम गाळतो. बाजारात भाव मात्र अजूनही "आय-सेव्हन" या शब्दाला मिळतो. तुम्ही तो देऊ नका.

आता सातवी पिढीच स्वस्त का? विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. त्यामुळे कंपन्यांनी चांगली चालती मशीन बाहेर काढली. लिनक्सला त्या अटीशी काही देणंघेणं नाही. माझ्या मते छोट्या गावातल्या दुकानदारासाठी एवढा सरळ मोका पुन्हा लवकर येणार नाही.

डेल ऑप्टिप्लेक्स 3050 मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर एम710क्यू टायनी, एचपी एलिटडेस्क 800 जी3 मिनी, ही नावं लिहून ठेवा. तिन्ही जाड पुस्तकाएवढी. त्यात नावापुढे 'टी' असलेला, 35 वॅटचा प्रोसेसर बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि लोक मशीन टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबतात. जास्त वॅटचं मशीन तिथे दम सोडतं. देण्याआधी उघडून धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा. 8 जीबी रॅम आणि 240 जीबी एसएसडी पुरे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घालू नका, खर्च आणि ड्रायव्हरची कटकट दोन्ही वाढतात.

डेलचं मशीन घेताना ॲडॉप्टर ओरिजिनल आहे ना, हे आवर्जून बघा. ॲडॉप्टर ओळखला नाही तर मशीन चालू होतं, पण मुद्दाम हळू चालतं. नवखा माणूस मग लिनक्सला शिव्या देत बसतो. टीव्ही 4के असेल तर डिस्प्लेपोर्टमधून ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लावून एचडीएमआय काढा. या पिढीच्या साध्या एचडीएमआयमधून 4के बहुधा 30 हर्ट्झवरच मिळतं.

नवं आणि वॉरंटीचंच हवं असं म्हणणारं गिऱ्हाईक असेल, तर इंटेल एन100 चा मिनी पीसी सुचवा. 6 वॅटचा आहे, एव्ही1 फॉरमॅटही खेळवतो. मार्जिन कमी राहतं, पण माल चांगला. रास्पबेरी पाय मला स्वतःला आवडतो. पण केस, ॲडॉप्टर, मेमरी कार्ड धरून हिशेब मांडलात की स्वस्तपणा उरत नाही.

फक्त सिनेमे, फोटो, घरचे व्हिडिओ बघायचे असतील तर लिब्रईएलईसी टाका. बटण दाबलं की थेट कोडी उघडतं, आजीलाही जमतं. मोबाइलवर कोअर हे ॲप टाकून दिलं की रिमोटचा खर्च वाचतो. ब्राउझर आणि मुलांचा अभ्यासही हवा असेल तर लिनक्स मिंट. मशीन विकत घेतानाच एक चाचणी करा. लिब्रईएलईसीचा पेनड्राइव्ह आणि 10 बिटची एच.265 फाइल सोबत न्या, फाइल चालू करून कीबोर्डवर 'ओ' दाबा. डीकोडरच्या नावापुढे कंसात 'एचडब्ल्यू' दिसलं तर पैसे काढा. विक्रेता चाचणी करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आता जी गोष्ट बरेच जण गिऱ्हाइकापासून लपवतात ती. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्स चालतं, पण 4के मध्ये मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारी कॉपी-संरक्षणाची वरची पातळी तिथे नाही. कितीही भारी मशीन घ्या, हे बदलत नाही. यूट्यूबवरची अहिराणी गाणी, कीर्तनं 1080 वर छान चालतात. ज्याला मुख्यतः ओटीटीच बघायचं आहे त्याला मी सरळ सांगतो, "दादा, तुम्हाला हे मशीन नको, टीव्हीची स्टिक घ्या." माझी विक्री जाते. मागच्या उन्हाळ्यात अशाच एकाला स्टिक घ्यायला लावली. दिवाळीत तो भावाला घेऊन आला, आणि भावाकडे पंधरा वर्षांच्या लग्नांच्या डीव्हीडी होत्या.

बिलावर मी दोन ओळी हाताने लिहून देतो: काय चालेल आणि काय चालणार नाही. खाली गिऱ्हाइकाची सही घेतो. त्या बिलाचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो.