जेलमधला कागद जेलरच्या खिशात का राहतो?

फॉरेस्टच्या केसमध्ये आपली माणसं आत गेली की पाड्यावर पहिला प्रश्न येतो, वकील कोण देणार? तालुक्याचा वकील आधी फीचं बोलतो, मग तारखेचं. फी नाही म्हणून माणूस आत गप बसतो. जेलवाल्यांना हेच पाहिजे.

दिल्लीच्या तिहार जेलमध्ये सुनील बत्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्याचा वॉर्डरने पैशांसाठी छळ केला, गुदद्वारात दांडा घातला. बत्राने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला सरळ पत्र लिहिलं. वकीलपत्र नाही, छापील अर्ज नाही. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानलं आणि आपणहून वकील नेमून जेलमध्ये पाठवले. जेलवाल्यांचं म्हणणं काय? कैदी पडला, त्यानेच करून घेतलं, मूळव्याध आहे! (आपल्याकडेही मार खाल्लेला माणूस कागदावर नेहमी ‘पडलेला’च असतो.) कोर्टाने हे मानलं नाही. 20 डिसेंबर 1979 चा हा निकाल.

काही शिकलेले म्हणतात, तो बत्रा होता, आपल्या अंगठेवाल्याला हे कसं जमणार? अरे, ज्याने मार खाल्ला त्याने पत्र लिहिलंच नव्हतं! दुसऱ्याने लिहिलं, तरी कोर्टाने ऐकलं. मग पाड्यावरच्या सातवी शिकलेल्या पोराने आपल्या काकासाठी का लिहू नये?

त्याच निकालात हुकूम आहे की जेलमध्ये तक्रारपेटी पाहिजे, प्रत्येक कैद्याला तिच्यापर्यंत जाता आलं पाहिजे, आणि ती कलेक्टर व सेशन्स जज यांच्या हुकमाने उघडली पाहिजे. सुटून आलेल्यांना विचारा, पेटी कोणी पाहिली? 1978 चा होसकोटचा निकाल तर महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या केसमधला. हातात निकालाची नक्कल नाही म्हणून त्याच्या अपिलाला चार वर्षांवर उशीर झाला. कोर्टाने सांगितलं, नक्कल फुकट द्या, कैद्याची पोच घ्या, गरिबाला सरकारी खर्चाने वकील द्या. हा हुकूम सरकारला माहीत आहे. आपल्याला माहीत नाही, एवढ्यावरच त्यांचं चाललंय.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आत असलेल्यांची नावं, केस नंबर, अटकेची तारीख आणि मारहाण झाली असेल तर कोणी, कधी, कोणासमोर, हे कागदावर आणावं. पत्रं तिथेच लिहू. पोस्टाची पावती जपून ठेवा.