इंजिन घरीं उतरवावें काय ?

आपला मुलगा सुटीच्या दिवसांत हात तेलकट करून मोटारीखालीं निजलेला दिसला, कीं आईबापांच्या कपाळास आठी पडते. परीक्षेच्या गुणांशीं ज्याचा संबंध नाहीं तो उद्योग रिकामटेकडा, ही आपली समजूत फार जुनी आहे. ती चुकीची आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. व तें मांडण्यासाठीं मी मुद्दाम असें उदाहरण घेतों, कीं जें प्रथमदर्शनीं माझ्याच विरुद्ध जावें. इंग्लंडांत कित्येक गृहस्थ जुन्या, लहान, परंतु अतिवेगवान मोटारींचीं इंजिनें घरच्या आवारांत उतरवितात, खोलतात, झिजलेले भाग बदलून पुन्हां बसवितात. आणि हें सारें केवळ हौसेखातर!

मागें वर उघडणारें दार असलेल्या साध्या कौटुंबिक गाडींत जोरकस इंजिन घातलें, म्हणजे तिला तिकडे ‘हॉट हॅच’ म्हणतात. फोक्सवागन कंपनीची गोल्फ जीटीआय १९७६ सालीं विक्रीस आली. तिचें इंजिन १.६ लिटरचें व ११० अश्वशक्तीचें. फ्रान्समधील प्यूजो कंपनीची २०५ जीटीआय १९८४ सालीं निघाली, आणि १९८६ मध्यें तिला १.९ लिटरचें, १३० अश्वशक्तीचें इंजिन मिळालें. गाडीचें वजन नऊशें किलोंच्या आंतबाहेर. एवढ्या हलक्या देहाला ही शक्ति कमी नव्हे. तथापि तेवढ्यानेंही ज्यांचें समाधान होत नाहीं, ते ४०५ एमआय-१६ ह्या थोरल्या प्यूजोचें सोळा व्हॉल्व्हांचें, सुमारें १६० अश्वशक्तीचें इंजिन आणून २०५ मध्यें बसवितात. दोन्ही इंजिनें एकाच कुळांतलीं असल्यामुळें हा पालट साधतो.

येथें वाचक म्हणतील, “हा तर उधळेपणा झाला !” अर्धा आहे खरा. वेग वाढविण्याच्या नादाचें समर्थन मी करीत नाहीं. परंतु ह्या पालटाचें फळ पुढें काय होतें तें पहा. इंजिनाच्या तळाशीं तेलाचें चेंबर असतें. लांब वळणावरून गाडी भरधाव नेली, म्हणजे चेंबरांतील तेल एका बाजूस चढतें, पंप तेलाऐवजीं हवा ओढूं लागतो, आणि कनेक्टिंग रॉडचीं बेअरिंगें कोरडीं पडतात. ह्या सोळा व्हॉल्व्हांच्या इंजिनाची ही खोड प्रसिद्धच आहे. बेअरिंग खाल्लें गेलें, कीं खालून ठोक ठोक असा आवाज येतो, व मालकास इंजिन उतरविण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. ज्यानें शक्ति मागितली त्यालाच तिची किंमत हातानें मोजावी लागते. आणि ही मोजणीच मला शिक्षण म्हणून मोलाची वाटते.

काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम बॅटरी सोडवावयाची, इंधनाच्या नळ्यांतला दाब उतरवावयाचा, पाणी व तेल निरनिराळ्या भांड्यांत काढावयाचें. मग प्रत्येक तारेस व नळीस चिठ्ठी बांधावयाची. हें शेवटलें काम कंटाळवाणें खरें, पण ज्यानें तें टाळलें त्याला महिन्याभरानें एकसारख्या दिसणाऱ्या दहा टोकांपुढें डोकें धरून बसावें लागतें. नंतर माउंटिंगचे बोल्ट काढून इंजिन गिअरबॉक्सासह चेनकप्पीवर तोलून घेतात.

खरी परीक्षा हेड काढतांना होते. ह्या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनिअमचा असून पिस्टन ज्यांत खालींवर होतात त्या लोखंडी नळ्या, ज्यांस लायनर म्हणतात, त्या ब्लॉकमध्यें सुट्या बसविलेल्या असतात व त्यांच्या सभोंवतीं थंड करणारें पाणी खेळत असतें. हेड उचललें, कीं लायनरांस वरून दाबून धरणारें कांहींच उरत नाहीं. अशा वेळीं कोणी सहज कुतूहलानें क्रँक फिरविला, तर पिस्टनाबरोबर लायनर वर सरकतो, बुडाचें सील हलतें, आणि पाण्याला तेलांत उतरण्याची वाट मोकळी होते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं ! जाणता मनुष्य म्हणूनच हेड निघतांच लायनर पट्ट्यांनीं व बोल्टांनीं जागच्या जागीं जखडून टाकतो. ‘हातास येईल तें फिरवून पाहूं’ ह्या वृत्तीला एवढी कडक शिक्षा देणारा गुरु आमच्या वर्गांत तरी नाहीं.

तीच गोष्ट मापाची. बेअरिंग व क्रँक यांच्यामधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी लागते. त्यासाठीं मेणासारखा एक बारीक प्लास्टिकचा धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून टोपी ठरलेल्या जोरानें आंवळावयाची, पुन्हां सोडावयाची, आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी छापील पट्टीशीं ताडून पहावयाची. दशांश अपूर्णांकांस कंटाळणारा विद्यार्थी हें एकदां करील, तर तिसऱ्या स्थानावरचा अंक कशासाठीं असतो हें त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सर्व सीलें व गॅस्केटें हीं जुनीं चांगलीं दिसलीं तरी नवींच घालतात. कारण पंप त्याच बेल्टानें फिरतो, आणि बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळून ते वांकतात. ह्या ठिकाणीं काटकसर करणाऱ्यास मी काटकसरी म्हणणार नाहीं.

आतां पालकांची भीति. ती रास्त आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, जाऊं नये. जॅकनें उचलावें व घोड्यांवर टेकवावें. बंद खोलींत इंजिन चालवूं नये, त्या धुरांतला विषारी वायु डोळ्यांस दिसत नाहीं व नाकास कळत नाहीं. रेडिएटरांत घालतात तें एथिलिन ग्लायकॉल चवीस गोड पण जहर असतें, तेव्हां त्याचें भांडें मुलांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या वाटेंत ठेवूं नये. जळकें तेल गटारांत ओतणें इंग्लंडांत गुन्हा आहे. आपल्याकडेही तें कोणी करूं नये. जाणत्या माणसावांचून मुलांनीं ह्या कामास हात घालूं नये, हें तर उघडच आहे.

आणखी एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी. इंग्लंडांत इंजिन बदलल्यास सरकारी नोंदींत तसें कळवावें लागतें, व विमा कंपनीपासून फेरबदल लपविल्यास विमा निरुपयोगी ठरूं शकतो. आपल्या देशांत नियम याहून कडक आहे: निर्मात्यानें ठरवून दिलेल्या मूळ रचनेंत मालकास मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. तेव्हां पुण्याजवळ चाकण येथें २०२२ पर्यंत तयार होत असलेली एखादी पोलो घरीं असेल, तर तिला दुसऱ्या गाडीचें काळीज लावण्याचा विचार सोडून द्यावा. मूळचें इंजिन मूळच्या मापावर आणणें मात्र कोणत्याही कायद्यानें अडविलेलें नाहीं, आणि कसब तेंच लागतें. रस्त्यावर दुसऱ्यांचीं मुलेंही चालतात. ज्यानें १६० अश्वशक्ति घातली पण ब्रेक जुनेच ठेवले, त्याचें कौशल्य मला नको.

जोडलेलें इंजिन लागलीच सुरू करीत नाहींत. स्पार्क प्लग काढून, इंधन व ठिणगी बंद ठेवून, तेलाचा दाब चढेपर्यंत तें नुसतें स्टार्टरनें फिरवितात, म्हणजे नव्या बेअरिंगांस पहिल्या स्फोटापूर्वीं तेल पोंचतें. पुढें कांहीं शें किलोमीटर बेतानें चालवून पहिलें तेल काढून टाकतात, आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडांत पसरतात. त्यावर धातूची चकाकी दिसली, तर चेनकप्पी पुन्हां बाहेर काढावी लागते.