विणकाम मुलग्यांसही शिकवावें

विणकामाचा तास मुलींपुरताच असावा, मुलग्यांनीं तो वेळ गणितास द्यावा, असें कित्येक पालक म्हणतात. आमच्या मतें विणकाम हेंही गणितच होय.

डावी बाजू पांढरी व उजवी निळी असा, आखूड बाह्यांचा, ३० इंच छातीचा स्वेटर घ्या. इंचास ६ टाके धरून पुढच्या भागासाठीं सुईवर ९० टाके घातले, पण हात सैल पडून इंचांत ५ च बसले, तर १५ इंचांचा भाग १८ इंचांचा होतो. म्हणून आधीं लहानसा नमुना विणून मोजावा लागतो. रंग बदलतांना दर ओळीस दोन्ही धागे मागच्या बाजूनें एकमेकांत गुंतविले नाहींत, तर सांध्यावर फट पडते. उत्तर शेजाऱ्याचें पाहून लिहितां येतें. टाका ज्याचा त्यानेंच घालावा लागतो, व चुकला तर उसवावा लागतो.

हें काम बायकी म्हणून हसणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, १५८९ सालीं विणण्याचें यंत्र काढणारा विल्यम ली हा इंग्लंडांतील एक पाळक होता.

पालकहो, मुलाच्या हातीं सुया दिसल्या तर त्या काढून घेऊं नका. चुकलेली ओळ उसविण्यास न लाजणारा मुलगा पुढें हिशेबाच्या वहींतही खरेपणानें वागेल, असा आमचा विश्वास आहे.